वेटिंग रूममधले झार आणि सम्राट

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. शिकले नागपूरला, पण नोकरीची बहुतेक वर्षं इथे विलायतेत, रीडिंग नावाच्या शहराजवळच्या एका हॉस्पिटलात गेली. आमच्या इंजेक्शन क्लिनिकला येणारे पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतात. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण वाचतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, तिथे नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरायला लागतात. सरळ रेघ वाकडी दिसते, मग अक्षरं पुसट होतात, आणि वेळेत उपचार झाला नाही तर मधोमध एक करडा डाग कायमचा बसतो. उपचार म्हणजे डोळ्यातच दिलेलं इंजेक्शन, तेही पुन्हा पुन्हा. हे वाक्य मी दिवसातून कितीदा बोलत असेन, पण ते ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा दर वेळी पडतो, आणि त्याची सवय मला अजून झालेली नाही.

ते पहिल्यांदा आले तेव्हा सोबत त्यांची मुलगी होती. ती ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत काम करते. वडील बल्गेरियातल्या टर्नोवो गावात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत होते. बायको गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं होतं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, आणि क्लिनिकला येतानाही टाय. टाय बांधून आमच्याकडे फक्त औषध कंपन्यांचे लोक येतात. त्यांना पाहून मला माझ्या शाळेतले सर आठवले, आणि पुढे मी मनातल्या मनात त्यांना सरच म्हणायला लागले.

सरांचा डावा डोळा तिकडे असतानाच गेला होता. आता उजव्याची सुरुवात झाली होती. मी स्कॅन दाखवून सगळं समजावलं, मुलीने भाषांतर केलं. सुईचा भाग आल्यावर तीही जरा अडखळली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोटाची बटणं लावली, आणि उभं राहून एक वाक्य बोलले. मुलगी लाजली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"सॉरी डॉक्टर. ते म्हणतायत, डोळ्यात लोखंड घालणं हे आमच्याकडे सम्राटांचं काम होतं. डॉक्टरांचं नाही."

मला हसू आलं, पण ते हसण्यावारी न्यायच्या मनःस्थितीत नव्हते. मी म्हटलं, "घाई नाही. थोडा वेळ बाहेर बसा, मी बाकीचे पेशंट बघते, मग परत बोलू."

मी पुढच्या पेशंटचा डोळा तपासत होते तेवढ्यात आमची नर्स दार उघडून आत आली. "डॉक्टर, बाहेर दोन म्हातारे भांडतायत. कुठल्यातरी एम्पररवरून."

बाहेर गेले तर सगळी वेटिंग रूम एका कोपऱ्याकडे बघत होती. एका खुर्चीत सर बसले होते, आणि समोर आमचे जुने पेशंट, ग्रीक काका. काका मूळ थेसालोनिकीचे, स्लाऊमध्ये उभं आयुष्य फिश अँड चिप्सचं दुकान चालवलेलं, आवाज असा की काउंटरपलीकडच्या रांगेत शेवटच्या माणसाला ऐकू जावा. सरांचं वाक्य त्यांच्या मुलीने बाहेर कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलताना सांगितलं, ते काकांनी ऐकलं, आणि "कुठला सम्राट?" असं विचारलं. तिथून सुरुवात झाली होती.

त्या दोघांची समान भाषा म्हणजे एक गंमतच होती. काकांना बल्गेरियन येत नव्हतं, सरांचं इंग्रजी जेमतेम. पण सर मध्ययुगाचा इतिहास शिकवत असल्यामुळे त्यांना ग्रीक येत होतं, जुन्या बखरींमधलं. कुणी यादवकाळातल्या मराठीत रीडिंगच्या बस स्टॉपवर पत्ता विचारावा, तसं ते बोलत. काका मध्येच भांडण थांबवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हा माणूस आमच्या चर्चमधल्या पाद्र्यासारखा शिव्या देतो!"

"मी शिव्या दिल्या नाहीत," सर मुलीमार्फत म्हणाले. "मी फक्त काय घडलं ते सांगितलं."

काय घडलं होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हजार वर्षांपूर्वी बल्गेरियाचा एक झार आणि कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाईन सम्राट वर्षानुवर्षं एकमेकांशी लढत होते. एका डोंगराच्या खिंडीत सम्राटाने मागून घुसून बल्गेरियन फौज कोंडली. हजारो सैनिक हाती लागले. सम्राटाने त्यांचे डोळे काढले. दर शंभरामागे एकाचा एक डोळा तेवढा ठेवला, म्हणजे तो बाकीच्यांना वाट दाखवत घरी नेईल. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ती रांग झारापर्यंत पोचली. त्याने आपली माणसं पाहिली, तो जागेवर कोसळला, आणि लवकरच गेला.

मुलीने हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा वेटिंग रूममधल्या दोघातिघांनी नकळत आपल्या डोळ्यांवर हात नेला. तिथला प्रत्येक जण डोळ्यासाठी आलेला होता.

काका मात्र ऐकणारे नव्हते. "तो आमचा सगळ्यात मोठा सम्राट होता! लग्न केलं नाही, रेशीम घातलं नाही, सैनिकांसोबत तंबूत राहिला. आणि तुमचे राजे? तो तुमचा संत, ज्याने देशाला ख्रिश्चन केलं, त्याने काय केलं? स्वतःच्या पोराचे डोळे काढले! पोटच्या पोराचे!"

मला वाटलं, आता हे हातघाईवर येणार. मी पुढे झाले. पण सरांनी हात वर करून मला थांबवलं. काकांकडे बघत ते हळू, शाळेत बोलावं तसं बोलले, आणि मुलीने ते जसंच्या तसं सांगितलं.

"हो. हे खरं आहे. तो गादी मुलाला देऊन मठात गेला होता. मुलगा पुन्हा जुन्या देवांकडे वळला, तेव्हा म्हातारा मठातून बाहेर आला, मुलाला पकडलं, आंधळं केलं, आणि धाकट्याला गादीवर बसवलं. मी हे दर वर्षी वर्गात शिकवलं. कितीतरी पालकांनी तक्रारी केल्या. तरी शिकवलं."

काकांना प्रतिहल्ला हवा होता, आणि समोरच्याने सरळ मान्यच करून टाकलं होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खुर्ची पुढे ओढून, एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "हे बघा मास्तर. त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला ही बाई विचारतेय. ती काढून घेत नाहीये, राखतेय. मी यातली किती घेतली ते मला आठवत नाही. सुईपेक्षा इथलं पार्किंग शोधायचा त्रास जास्त आहे."

सर हसले. त्या दिवशीच त्यांनी संमतीपत्रावर सही केली. डोळा बधिर करणारे ड्रॉप्स घातले, पापण्या उघड्या ठेवणारी छोटी क्लिप लावली, आणि मी म्हटलं, "आता हलू नका." त्यांचे ओठ हलत होते. इंजेक्शन झाल्यावर मी मुलीला विचारलं, "प्रार्थना म्हणत होते का?"

"नाही," ती म्हणाली. "झारांची वंशावळ. पहिल्यापासून शेवटपर्यंत. भीती वाटली की म्हणतात."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोळ्या लाटता लाटता खो खो हसला. "हजार वर्षांपूर्वीच्या राजावरून हॉस्पिटलात भांडण! अगं, आपल्यासारखे लोक कुठेही गेलं तरी सापडतात." मग पोळी तव्यावर टाकत म्हणाला, "पण एक सांग, आपल्या ग्रुपवर इतिहासावरून एवढी जुंपते, त्यात कुणी कधी 'हो, हे खरं आहे' असं म्हणालेलं तुला आठवतंय?"

पुढच्या खेपेला काकांनी रिसेप्शनवर जाऊन आपली अपॉइंटमेंट बदलून घेतली. "मास्तरांच्या दिवशी मलाही घाला," म्हणाले. मग दोघं बरोबरच यायला लागले. काका स्लाऊहून ट्रेनने रीडिंगला येत, सर स्टेशनवर उभे असत, आणि तिथून दोघं बसने. मुलीला आता प्रत्येक वेळी रजा काढावी लागत नव्हती. काकांना सरांचं ग्रीक आणि सरांना काकांचं दुकानातलं ग्रीक कळायला लागलं होतं. भांडणं चालूच होती, पण आता ती ऐकायला आमच्या नर्सेस कॉफीचा ब्रेक पुढेमागे करत.

मीही ऐकत होते; सरांचं बोलणं काका इंग्रजीत करून सांगत. डोळ्याची बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात एखादा झार होऊन जाई. मला सगळ्यात आवडला तो धाकटा मुलगा, ज्याला मठातल्या बापाने आंधळ्या भावाच्या जागी बसवलं. तो लहानपणी शत्रूच्याच राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला शिकला होता. मोठेपणी चर्चचा माणूस व्हायचा, तो झाला राजा. त्याने आपल्या राजधानीत विद्वान जमवले, ग्रीकमधली पुस्तकं स्लाव्ह भाषेत आणवली, आणि लोकांना त्यांच्याच अक्षरांत वाचता यावं असं केलं. तोच पुढे फौज घेऊन ज्या शहरात शिकला त्याच्या भिंतींपाशी जाऊन उभा राहिला, कारण त्याला दोन्हीकडचा सम्राट व्हायचं होतं.

"आमच्याच शाळेत शिकून आमच्यावरच चालून आला," काका म्हणाले.

"शाळा चांगली होती," सर म्हणाले. "म्हणून तर."

आणि एकदा सरांनीच आपण होऊन काकांच्या सम्राटाची बाजू मांडली. डोळे काढणारा तोच. ते म्हणाले, "देश जिंकल्यावर मात्र तो शहाण्यासारखा वागला. लोक धान्याच्या रूपात कर देत आले होते, ती पद्धत त्याने मोडली नाही. आमच्या चर्चवर आमचाच माणूस ठेवला. त्याच्यानंतर आलेल्यांना तेवढी अक्कल नव्हती." नंतर आत आल्यावर काका मला म्हणाले, "डॉक्टर, त्या रांगेचा मी हल्ली रोज विचार करतो. पुढे एक डोळेवाला, मागे सगळे आंधळे. मोठा सम्राट होता तो. पण हे करायला नको होतं."

त्या हिवाळ्यात सरांच्या डोळ्यात रक्तस्राव झाला. इंजेक्शनं वेळेवर चालू असतानाही असं कधी कधी होतं. मुलीचा फोन आला, मी त्यांना लगेच बोलावलं, जे करण्यासारखं होतं ते केलं. पण रक्त विरल्यावर स्कॅनमध्ये मधोमध व्रण दिसला. वाचणं गेलं होतं. अशी बातमी सांगताना मी खुर्ची जवळ घेते, पेशंटच्या ज्या बाजूला दिसतं त्या बाजूला बसते आणि सावकाश बोलते. दुसरं काही माझ्या हातात नसतं.

सरांनी मुलीचा हात धरला होता. "चेहरे?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं. "फेसेस?"

"कडेने दिसतील," मी म्हटलं. "थोडं बाजूला बघायला शिकावं लागेल. चालता येईल, घरात वावरता येईल. पण छापलेलं वाचणं आता होणार नाही."

त्यांनी टायची गाठ सरळ केली. मग मुलीशी काहीतरी बोलले आणि ती रडायला लागली. रीडिंगमध्ये बल्गेरियन मुलांची शनिवारची शाळा भरते. मे महिन्यात त्यांच्याकडे अक्षरांचा, म्हणजे त्यांच्या लिपीचा सण असतो, शाळा-शाळांतून साजरा होतो. त्या दिवशी मुलांपुढे बोलायला सरांना बोलावलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. आता ते म्हणत होते, नाही म्हणून कळव. अक्षरांच्या दिवशी अक्षर न दिसणारा माणूस कशाला?

मी काही बोलणार तेवढ्यात दार ढकलून काका आत आले. त्यांचा नंबर अजून आला नव्हता, पण त्यांना नियम सांगणं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. मुलीने त्यांना सांगितलं. ते सरांसमोर बसले आणि त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. नंतर मुलीने वडिलांना विचारून मला त्याचा अर्थ सांगितला: "तुम्हाला वाचून दाखवायला कुणी बोलावलंय? कुठला झार कधी मेला हे तुम्ही कधी कागदात बघून सांगितलंत? मी येतो बरोबर. आणि माझ्या लोकांबद्दल काही खोटं बोललात तर उठून सगळ्यांसमोर सांगेन."

मे महिन्यातल्या त्या शनिवारी मी आणि नवरा दोघं गेलो. शाळा म्हणजे एका कम्युनिटी सेंटरचा हॉल. मुलांनी डोक्यात फुलांचे मुकुट घातले होते, भिंतीवर रंगीत कागदातून कापलेली अक्षरं लावली होती. एका बाजूला आया घरून आणलेल्या चीजच्या पेस्ट्र्या मांडत होत्या. सर टाय बांधून पुढे उभे होते, मुलगी शेजारी, आमच्यासारख्यांसाठी इंग्रजीत सांगायला. काका पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

सरांनी सांगितला टर्नोवोचा एक झार. थेसालोनिकीच्या ग्रीक राजाने त्याच्याशी तहाची शपथ घेतली होती आणि ती मोडून तो चालून आला होता. झाराकडे फौज थोडी. त्याने तो मोडलेला तह भाल्याच्या टोकाला बांधला आणि निशाणासारखा पुढे धरून लढाईला निघाला. तो जिंकला. तो राजा, त्याचे सरदार, सगळे पकडले गेले.

"आणि साधे सैनिक?" सरांनी मुलांना विचारलं. "त्यांचं काय केलं असेल?"

मुलं इथेच जन्मलेली, तरी घरी ऐकलेली ती खिंडीतली गोष्ट त्यांना माहीत होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "डोळे काढले?"

"घरी जा म्हणाला," सर म्हणाले. "सगळ्यांना सोडून दिलं. ज्याच्या त्याच्या गावी, धडधाकट. आणि मग तो ज्या ज्या गावी गेला, तिथल्या लोकांनी दारं उघडली. लढाई करावीच लागली नाही."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मला वाटलं, संपलं. पण सर तसेच उभे होते. टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "अजून आहे. पकडलेल्या राजाला झाराने मानाने ठेवलं होतं. पण त्याने कट केल्याचं समजलं, तेव्हा त्याच झाराने त्याचे डोळे काढले."

पेस्ट्र्या मांडणारी एक आई पुढे आली. बल्गेरियनमध्ये काही बोलली, चिडून. मुलीने सांगितलं, ती म्हणतेय, लहान मुलं आहेत, सणाचा दिवस आहे, हे कशाला?

सरांनी आवाज आला त्या दिशेला तोंड वळवलं. अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, सैनिकांना सोडलं, एवढंच सांगितलं तर या मुलांना एक पुतळा मिळेल. मला त्यांना माणूस द्यायचाय."

ती बाई आपल्या पेस्ट्र्यांकडे परत गेली. मग सरांनी शेवट सांगितला. त्या आंधळ्या राजाला एक मुलगी होती, तीही कैदेत. झाराची राणी वारल्यावर त्याचं त्या मुलीवर मन बसलं. त्याने तिच्याशी लग्न केलं, आणि तिच्या बापाला मोकळं केलं. म्हातारा आपल्या थेसालोनिकीला परत गेला.

मघाची मुलगी पुन्हा बोलली. "त्याने झाराला माफ केलं का?"

सर पहिल्यांदाच अडले. "कुणी लिहून ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "मी आयुष्यभर विचार केलाय. मला माहीत नाही."

तेव्हा काका उठले. सरांची मुलगी घाईने दोघांच्या मध्ये सरकली. काका मुलांकडे वळून आपल्या दुकानदारी इंग्रजीत म्हणाले, "मी त्या राजाच्या गावचा आहे. हा माणूस जे बोलला ते सगळं खरं आहे." आणि खाली बसले. सरांना काका नेमके कुठे बसलेत ते दिसत नव्हतं, पण त्यांनी त्या बाजूला मान लववली.

परत येताना गाडी राउंडअबाउटच्या चौकात थांबल्यावर नवरा म्हणाला, "असे इतिहासाचे सर मला असते ना, तर मी आयटीत गेलोच नसतो." तो गमतीने म्हणाला, पण फार गमतीने नाही.

त्या उन्हाळ्यात दोघे म्हातारे बरोबर प्रवासाला गेले. आधी थेसालोनिकी, मग बसने टर्नोवो. मुलगी काळजीने अर्धी झाली होती. त्यानंतरच्या क्लिनिकला काका आले ते तक्रारींची पोतडी घेऊनच. बस, ऊन, सरांचं घोरणं. मी त्यांच्या डोळ्यात ड्रॉप्स घालत होते.

"आणि टर्नोवोला," ते म्हणाले, "एका चर्चमध्ये त्याच झाराने कोरून घेतलेला दगडी खांब आहे. मास्तरांना सगळा पाठ आहे, पण दिसत नाही. मला म्हणाले, तू वाच. मी म्हटलं, मला तुमची अक्षरं येत नाहीत. म्हणाले, निम्मी तुमच्या ग्रीकमधूनच आलीत, वाच. मी एक एक अक्षर जुळवत वाचतोय, हे चुका काढतायत, माणसं थांबून बघतायत. आणि डॉक्टर, लिहिलंय काय, तर आमच्या राजाला कसं पकडलं! ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. भर चर्चमध्ये!"

"मग?"

"मग काय. मास्तर रडायला लागले. मला कळेना काय करावं. मी परत पहिल्यापासून वाचायला घेतलं."

मी त्यांना मान मागे टेकवायला सांगितली आणि दिवा पुढे ओढला. बाहेर वेटिंग रूममध्ये सर आमच्या नव्या नर्सला मोडक्या इंग्रजीत विचारत होते, तुला माहीत आहे का, झार हा शब्द कुठून आला? "आमच्या सम्राटांच्या पदवीवरून!" काका खुर्चीतूनच ओरडले.